समुद्राच्या पाण्याचा स्वभाव आणि त्याची नोंद

मानव आणि समुद्र यांचे नाते फार पुरातन आहे. कोकणपट्टीत राहणाऱ्या आपल्या समाजाला तर हे नाते मुद्दाम सांगण्याची गरज नाही. मच्छीमार, नाखवा, तांडेल आणि आगबोटीवरील खलाशी म्हणून असंख्य कुटुंबांचा संसार या पाण्यावरच चालत आला आहे. परंतु समुद्राचे पाणी कशाने तापते, कशाने जड होते, ते कोठून येते व कोठे जाते, या गोष्टी शाळेत भूगोलाच्या तासाला चार-दोन ओळींत उरकल्या जातात. मग परीक्षा झाली की विद्यार्थी त्या विसरतात.

वास्तविक हे ज्ञान माणसाला सहजासहजी मिळालेले नाही. ते मिळविण्यास सुमारे हजार वर्षे लागली असून त्यात अरब, युरोपीय, इजिप्शियन व भारतीय अशा अनेकांचा हातभार आहे. या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. समुद्र डोळ्यांना रोज सारखाच दिसतो. त्याच्यात होणारा फरक इतका सावकाश असतो की तो एका माणसाच्या आठवणीत मावत नाही. ज्यांनी मोजले आणि मोजलेले लिहून ठेवले, त्यांच्यामुळेच हा फरक आज आपल्याला कळू शकतो. प्रस्तुत लेखात या इतिहासाची थोडक्यात ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

मुअल्लिमांचे ज्ञान

'मान्सून' हा शब्द अरबी 'मौसिम' म्हणजे ऋतू या शब्दावरून आला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. अरब व्यापारी आपल्या किनाऱ्यावर फार पूर्वीपासून येत असत. प्रसिद्ध प्रवासी व इतिहासकार अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, सैमूर म्हणजेच आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल येथे आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे त्याने लिहिले आहे. प्रत्येक समुद्राला स्वतःचे वारे व स्वतःचा मोसम असतो आणि तेथील दर्यावर्दींना तो अनुभवाने माहीत असतो, ही गोष्टही त्याने नोंदविली आहे.

पुढे पंधराव्या शतकात जुल्फार (आजचे रास अल्-खैमा) येथील अहमद इब्न माजिद या थोर दर्यावर्दीने इ.स. १४९० च्या सुमारास 'किताब अल्-फवाइद' हा नौकानयनावरील ग्रंथ लिहिला. कोणत्या बंदरातून नवरोझपासून कितव्या दिवशी निघावे, कोणता तारा किती उंचीवर असता कोणते बंदर समोर येते, याची त्याने तपशीलवार मांडणी केली आहे. खलाशांना पाठ करणे सोपे जावे म्हणून त्याने बरेचसे लेखन पद्यात केले. नैऋत्येचा वारा जोरावर असताना समुद्र 'बंद' होतो, असे हे दर्यावर्दी म्हणत. आपल्याकडेही पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारण्याची रीत होतीच.

जहाजाला वाट दाखविणाऱ्या या जाणकाराला 'मुअल्लिम' म्हणत. मुअल्लिम म्हणजे शिक्षक. अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथात जहाजावरील नोकरवर्गाची यादी दिली आहे. तीत नाखुदा, मुअल्लिम, तांडेल, सारंग हे शब्द आढळतात. यांतील काही शब्द आजही आपल्या किनाऱ्यावर बोलण्यात आहेत.

मुअल्लिमांचे हे ज्ञान अस्सल होते, परंतु ते पृष्ठभागाचे होते. वारा, लाट, प्रवाह, पाण्याचा रंग, पाण्यातले साप व पक्षी यांवरून ते अचूक अंदाज बांधीत. पाण्याखाली शंभर वाव खोल काय चालले आहे, हे जाणण्याचे साधन मात्र त्यांच्याजवळ नव्हते. त्या काळी ते जगात कोणाजवळच नव्हते.

ऊन, मीठ आणि पाणी

पुढचा इतिहास समजण्यासाठी पाण्याचे दोन-तीन गुणधर्म ध्यानात घेतले पाहिजेत. विद्यार्थ्यांना खारे वारे व मतलई वारे ठाऊक आहेत. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा जमिनीकडे येतो. रात्री जमीन लवकर निवते व वारा उलट दिशेने वाहतो. याचे कारण असे की, पाणी तापण्यास पुष्कळ उष्णता लागते आणि ती सोडण्यासही त्याला वेळ लागतो. समुद्राच्या वरच्या अवघ्या अडीच-तीन मीटर थरात जितकी उष्णता मावते, तितकी वरच्या संपूर्ण वातावरणात मावते. यावरून समुद्र हे उष्णतेचे केवढे मोठे कोठार आहे याची कल्पना येईल.

दुसरा गुणधर्म वजनाचा. पाणी थंड झाले की जड होते आणि खारट झाले की आणखी जड होते. गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते व त्याखाली पुन्हा हलके होऊ लागते. समुद्राचे खारे पाणी मात्र गोठेपर्यंत, म्हणजे सुमारे उणे १.९ अंशापर्यंत, जडच होत जाते. शिवाय ते गोठते तेव्हा बर्फात मीठ फारसे जात नाही. ते उरलेल्या पाण्यात राहते आणि ते पाणी अधिकच जड होऊन तळाकडे जाते.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. परंतु हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त व नद्यांचे पाणी कमी, म्हणून तेथे ते साधारणतः ३६ ग्रॅमच्या आसपास भरते. तांबड्या समुद्रात ते ४० ग्रॅमपर्यंत जाते. बंगालच्या उपसागरात मात्र गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती अशा महानद्या मिळत असल्याने पाण्याचा वरचा थर कमी खारट व हलका असतो. एकाच देशाच्या दोन बाजूंचे दोन समुद्र असे भिन्न स्वभावाचे आहेत.

खोल पाण्यातील थंडी

उन्हाने समुद्र वरून तापतो हे कोणालाही दिसते. पण खाली काय? या प्रश्नाचे पहिले महत्त्वाचे उत्तर इ.स. १७५१ मध्ये मिळाले. हेन्री एलिस नावाचा इंग्रज कप्तान आफ्रिकेतील माणसांना गुलाम म्हणून वाहून नेणाऱ्या एका जहाजावर होता. त्या अमानुष व्यापारातील या जहाजावर स्टीफन हेल्स या शास्त्रज्ञाने तयार केलेली एक खास बादली होती. ती खाली जाताना तिच्या झडपा उघड्या राहत व वर ओढताना मिटत, त्यामुळे खोलवरचे पाणी आहे तसे वर येई. अटलांटिक महासागराच्या उष्ण भागात पृष्ठभागी ८४ अंश फॅरनहाइट तापमान असताना खोलवरून आणलेले पाणी ५३ अंशांचे निघाले. एलिसची दोरी पाच हजार फुटांहून अधिक खोल गेली होती. या गार पाण्याचा त्याला झालेला उपयोग म्हणजे स्नान करणे व मद्य थंड करणे!

परंतु त्याने तो आकडा लिहून हेल्सला पाठविला, ही खरी महत्त्वाची गोष्ट. जवळजवळ अर्धशतकानंतर, १७९७ साली, रम्फर्ड या शास्त्रज्ञाने त्या आकड्याचा अर्थ लावला. विषुववृत्ताजवळच्या समुद्रात, जेथे कधीच हिवाळा नसतो, तेथे इतके थंड पाणी येणार कोठून? ते ध्रुवांकडूनच आले असले पाहिजे. ध्रुवाजवळ थंड होऊन जड झालेले पाणी तळाशी बसते व हळूहळू सरकत उष्ण प्रदेशापर्यंत पोहोचते, आणि त्याच्या जागी वरून उष्ण पाणी ध्रुवाकडे जाते. महासागराचे सर्व पाणी असे सतत फिरत असते, ही कल्पना येथून दृढ झाली.

याच शतकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांच्यापुढे दुसरा एक प्रश्न आला होता. इंग्लंडहून अमेरिकेला येणाऱ्या टपालाच्या जहाजांना व्यापारी जहाजांपेक्षा सुमारे दोन आठवडे जास्त का लागतात? देवमासे पकडणाऱ्या जहाजाचा कप्तान टिमथी फोल्जर हा त्यांचा नातेवाईक होता. त्याने सांगितले की, टपालाची जहाजे गल्फ स्ट्रीम या प्रवाहाच्या विरुद्ध जातात. देवमाशांमागे फिरणाऱ्यांना हा प्रवाह चांगला माहीत होता. दोघांनी मिळून त्याचा नकाशा तयार केला. पुढे १७७५ पासून फ्रँकलिन यांनी आपल्या प्रवासांत थर्मामीटरने पाणी मोजून दाखवून दिले की, प्रवाहाचे पाणी आजूबाजूच्या पाण्याहून उष्ण असते. अडाणी म्हणून ज्याचे कोणी ऐकत नाही अशा दर्यावर्दीचे ज्ञान आणि शास्त्रज्ञाचे मोजमाप एकत्र आले, तर केवढे काम होते याचे हे उत्तम उदाहरण होय.

'चॅलेंजर'ची सफर

समुद्राचा पद्धतशीर अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाच्या सफरीपासून. २१ डिसेंबर १८७२ रोजी पोर्टस्मथ बंदरातून निघालेले हे जहाज २४ मे १८७६ रोजी परतले. वायव्हिल थॉमसन हे शास्त्रज्ञांचे प्रमुख होते. साडेतीन वर्षांत जहाजाने ६८,८९० सागरी मैल प्रवास केला आणि ३६२ ठिकाणी थांबून खोली, तापमान, तळाची माती, प्राणी व पाण्याचे नमुने घेतले. या कामाचा अहवाल पन्नास खंडांत प्रसिद्ध झाला.

विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने या सफरीतील पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून १८८४ मध्ये निष्कर्ष मांडला. पाणी कमी खारट असो वा जास्त, त्यातील निरनिराळ्या क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ कायम राहते. जगातील महासागर एकमेकांत मिसळत असल्याचा हा जणू लेखी पुरावाच होता. खोलवरचे पाणी सर्व महासागरांत थंडच असते, हेही या सफरीने सिद्ध झाले.

तथापि 'चॅलेंजर' केप टाऊनहून दक्षिणेकडे बर्फाच्या प्रदेशाला जाऊन तशीच ऑस्ट्रेलियाला गेली. अरबी समुद्रात ती आलीच नाही. ज्या समुद्रावर मुअल्लिमांनी शतकानुशतके जहाजे हाकली, त्याची खोली अजून अज्ञातच राहिली होती.

'मबाहिस'चा शोध

ही उणीव भरून काढली ती एका इजिप्शियन जहाजाने. 'चॅलेंजर'वरील तरुण शास्त्रज्ञ जॉन मरे पुढे मोठे संशोधक झाले. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांनी ठेवलेल्या पैशातून अरबी समुद्राच्या संशोधनाची मोहीम आखण्यात आली. तिच्यासाठी इजिप्त सरकारने आपले 'मबाहिस' नावाचे जहाज दिले. मबाहिस या अरबी शब्दाचा अर्थच संशोधने असा आहे. ३ सप्टेंबर १९३३ रोजी अलेक्झांड्रियाहून निघालेले हे लहानसे जहाज २५ मे १९३४ रोजी तेथेच परतले. भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्याचे माजी संचालक कर्नल सेमूर सेवेल हे मोहिमेचे प्रमुख होते. अब्देल फत्ताह मोहम्मद व हुसेन फौजी हे दोन इजिप्शियन शास्त्रज्ञही त्यांच्यासोबत होते.

या मोहिमेत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. अरबी समुद्रात वरच्या शे-दीडशे मीटर पाण्याखाली सुमारे हजार मीटरपर्यंत असा एक जाड थर आहे की ज्यात प्राणवायू जवळजवळ नाही. ओमानच्या बाजूला तर या खोलीवरील तळ जवळपास निर्जीव आढळला.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पावसाळ्यात नैऋत्येचा जोराचा वारा सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यावरील वरचे पाणी दूर लोटतो. त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड पाणी वर येते. भर उन्हाळ्याच्या दिवसांत सोमालियाच्या किनाऱ्याशी काही ठिकाणी समुद्राचे तापमान २० अंशांच्याही खाली जाते. हे खालचे पाणी खतासारखे कसदार असते. त्यावर सूक्ष्म वनस्पतींचे मळे फुलतात आणि माशांची चंगळ होते. परंतु हे सर्व जीव मेल्यावर खाली पडतात, कुजतात व कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवितात. अटलांटिक व पॅसिफिक महासागर उत्तरेस थंड प्रदेशापर्यंत पसरलेले आहेत. अरबी समुद्राला मात्र उत्तरेकडून जमिनीने कोंडलेले असल्यामुळे त्या बाजूने प्राणवायूने भरलेले थंड पाणी मिळत नाही. इराणचे आखात व तांबडा समुद्र यांतून येते ते उष्ण व खारट पाणी, आणि उष्ण पाण्यात वायू कमी मावतो. गार सोड्यापेक्षा कोमट सोड्यातील वायू लवकर उडून जातो, तसाच हा प्रकार आहे.

म्हणजे ज्या कारणाने अरबी समुद्र मासळीने संपन्न आहे, त्याच कारणाने त्याच्या पोटात प्राणवायूची टंचाईही आहे.

भारतीय शास्त्रज्ञांचे कार्य

स्वातंत्र्योत्तर काळात या कामात भारत स्वतः उतरला. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तीत अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजे सामील होती व भारतीय नौदलाच्या 'कृष्णा' जहाजानेही भाग घेतला. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य केंद्र आज गोव्यात दोनापावला येथे आहे. डॉ. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक होते.

१९७४ ते १९८१ या काळात डॉ. सय्यद जहूर कासिम हे या संस्थेचे संचालक होते. अलाहाबादला जन्मलेल्या व अलीगढ येथे शिकलेल्या कासिम यांच्याच नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. पुढे ते जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरूही झाले. आपल्या समुद्राच्या अगदी तळाशी जे सुमारे दोन अंशांचे थंड पाणी आहे, ते मुळात अंटार्क्टिकाच्या बाजूनेच येते. या दृष्टीने पाहिल्यास ती मोहीम आपल्याच पाण्याच्या उगमाकडे गेली होती असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

याच संस्थेतील डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की, पावसाळा संपता संपता प्राणवायू नसलेले पाणी भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळील उथळ भागातही चढते आणि तेथील टंचाई वाढत आहे. शेतातून वाहून येणारी खते हे त्याचे एक कारण असावे, असे त्यांनी म्हटले. पुढे डॉ. नक्वी हेही या संस्थेचे संचालक झाले.

बादलीतील आकडा

समुद्र आता पूर्वीपेक्षा उष्ण झाला आहे, असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पण पूर्वी तो किती उष्ण होता हे कोणी सांगितले? याचे उत्तर जहाजांच्या नोंदवह्यांत आहे. अमेरिकन नौदलातील अधिकारी मॅथ्यू मोरी यांनी जुन्या नोंदवह्या गोळा करून वारे व प्रवाहांचे नकाशे केले. त्यांच्याच प्रयत्नाने १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे परिषद भरून सर्व देशांच्या जहाजांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात असे ठरले. त्यानंतर हजारो जहाजांवर समुद्रात बादली टाकून पाणी वर ओढायचे, त्यात थर्मामीटर बुडवायचा व आकडा वहीत लिहायचा हा क्रम सुरू झाला.

ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर डेकवर राबणाऱ्या खलाशांत रत्नागिरी व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील आपल्या लोकांचा मोठा भरणा होता. तेव्हा अशा कित्येक बादल्या आपल्याच वाडवडिलांच्या हातांनी वर आल्या असणार. आकडा मात्र दुसरा कोणी लिहीत असे.

या नोंदी तपासून घ्याव्या लागतात. कॅनव्हासच्या बादलीतील पाणी, माठातल्या पाण्याप्रमाणे, बाष्पीभवनाने थोडे निवते. पुढे बादलीऐवजी इंजिनासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान लिहू लागले, ते थोडे जास्त निघे. शास्त्रज्ञांनी हे फरक हिशेबात धरून लाखो नोंदी एकत्र केल्या. आज तर सुमारे चार हजार स्वयंचलित तरंगकांचे 'आर्गो' जाळे जगभर पसरले आहे. हे तरंगक दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून वर येत तापमान व क्षारता मोजतात आणि उपग्रहाद्वारे कळवितात. भारतात हे काम हैदराबादची १९९९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था पाहते. मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, याची सूचनाही ती समुद्राच्या तापमानावरून व रंगावरून मच्छीमारांना देते.

या सर्व नोंदींवरून भारत सरकारच्या २०२० मधील अहवालात म्हटले आहे की, उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराचे पृष्ठतापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी १ अंश सेल्सिअसने वाढले. जगाची सरासरी वाढ ०.७ अंश होती. एक अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो. परंतु उष्ण पाणी प्रसरण पावते, त्यामुळे समुद्राची पातळी चढते. त्यात प्राणवायू कमी मावतो, त्याचा परिणाम मासळीवर होतो. शिवाय वादळाला बळ मिळते ते सुमारे साडेसव्वीस अंशांहून उष्ण असलेल्या समुद्रातूनच. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात भुईसपाट झाल्या. एका पिढीने लावलेली झाडे होती ती. परंतु वादळाची सूचना अगोदर मिळाल्यामुळे हजारो माणसांना सुरक्षित जागी हलविता आले, आणि ती सूचना मोजमापामुळेच मिळाली होती.

पालक व विद्यार्थ्यांना विनंती

आज किनाऱ्यावरील वडीलधारी मंडळी सांगतात की, मोसम पूर्वीसारखा राहिला नाही, अमुक मासा आता मिळत नाही. त्यांचा अनुभव मोलाचा आहे. फोल्जरचे ऐकले म्हणून फ्रँकलिन यांना उत्तर सापडले, हे आपण पाहिले. मुलांनी असे अनुभव साल व ठिकाण विचारून लिहून घेतले पाहिजेत.

समुद्रविज्ञान शिकण्यासाठी पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र वा गणित यांपैकी कोणत्याही विषयाची पदवी चालते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. मुलगा बोटीवर जाणार असेल तरी त्याला हे शिक्षण उपयोगी आहे, आणि मुलींनाही प्रयोगशाळेची दारे तितकीच खुली आहेत.

किनाऱ्यावरील शाळांना तर एक उपक्रम आजच सुरू करता येईल. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, बादलीभर पाणी काढून त्याचे तापमान घ्यावे व तारीख, वेळ, भरती की ओहोटी, वाऱ्याची दिशा यांसह वहीत लिहावे. खर्च एका थर्मामीटरचा व एका वहीचा आहे. एक इयत्ता पुढे गेली की वही दुसऱ्या इयत्तेकडे सोपवावी. दहा वर्षांनी त्या वहीत जे असेल, ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नसेल, आणि या वेळी आकडा लिहिणारा हातही आपलाच असेल.